वचन पाठ आहे, पण वेळेला आठवत नाही

सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही काळेवाडीला राहता, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करता. रविवारी उपासनेत बायबलमधलं वचन ऐकताना मन भरून येतं, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचनाचे तीन-चार मेसेज येतात, शब्बाथ शाळेतली, म्हणजे लहानपणच्या रविवारच्या वर्गातली, मुखपाठ वचनंही अजून तोंडात आहेत. पण घराचा हप्ता, कामगार कमी करणार अशी कुजबुज, आईचं आजारपण यांतलं काही अंगावर आलं की देवाचं एकही अभिवचन आठवत नाही. आठवतं ते दोन दिवसांनी, भीती ओसरल्यावर. शेवटी तुम्ही विचारलंय, "बाई, माझा विश्वासच कमी आहे का?"

विश्वास मोजायचं काम माझं नाही, आणि तुमचंही नाही. पण पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये शब्बाथ शाळा, महिला मंडळ आणि घरभेटी यांतच माझं आयुष्य गेलं. त्यावरून सांगते, ही तक्रार सर्वांची असते. पाळकांचीसुद्धा. फक्त ते ती मंचावरून सांगत नाहीत.

मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढा. शिष्य मचव्यात बसलेत, भाकरी आणायच्या राहून गेल्यात, जवळ एकच भाकर आहे आणि आपसांत कुरबुर सुरू आहे. येशू त्यांना विचारतो, पाच हजारांना पाच भाकरी मोडून दिल्या तेव्हा किती टोपल्या भरून तुकडे उचलले? ते म्हणतात, बारा. आणि चार हजारांना सात भाकरी दिल्या तेव्हा? सात. दोन्ही आकडे बिनचूक. म्हणजे स्मरणशक्तीत काही खोट नव्हती. बारा टोपल्यांचा आणि मचव्यातल्या त्या एका भाकरीचा काही संबंध आहे, एवढंच त्यांच्या लक्षात येत नव्हतं. तुमचं नेमकं हेच झालंय. वचनं तुमच्याकडे आहेत, पण ती रविवारच्या कप्प्यात आहेत आणि हप्ता पाच तारखेच्या कप्प्यात. दोघांची गाठ घालून द्यावी लागते, आणि ती आधी, शांत असताना घालावी लागते. घाबरलेल्या माणसाला नवं काही सुचत नाही. सवयीचं असेल तेवढंच तोंडात येतं.

पवित्र शास्त्रानं माणसाच्या आठवणीवर कधी फारशी भिस्त ठेवलेलीच नाही. यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे करायला लावले, का, तर उद्या पोरं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय? प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला 'माझ्या स्मरणार्थ' दिला. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर जागा आणि वेळाच ठरवून दिल्यात: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना, आणि दाराच्या चौकटीवर. ज्यांनी समुद्र दुभंगलेला पाहिला त्यांनाही खुणा लागल्या, तर आपल्याला लागल्या म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

आता त्या मेसेजांचं. गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन येतं, आपण हात जोडल्याची खूण टाकतो आणि अंगठा पुढे सरकतो. संध्याकाळी विचारा, सकाळी कुठलं वचन होतं? सांगता येत नाही. मेसेज पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, त्यात प्रेम असतं. पण रोज नवं वचन म्हणजे रोज जुनं वचन पुसलं जाणं. माझा सल्ला आहे की एका वेळी एकच अभिवचन घ्या, आणि निदान महिनाभर तेच ठेवा. वर्षाला दहा-बारा झाली तरी पुष्कळ.

कुठलं घ्यायचं? आपल्याकडे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर ताटातून अभिवचनाची कार्डं उचलतात. ते कार्ड वर्षभर पाकिटात राहतं. मला ती रीत आवडते. फक्त तिची सोडत होऊ नये. कुणाला 'समृद्धी'चं कार्ड मिळालं की चेहरा फुलतो, शेजारणीला 'धीर धर' आलं की ती हळूच दुसरं उचलायला बघते. कार्ड मिळालं की घरी जाऊन तो अख्खा अध्याय वाचायचा, हा आमच्या महिला मंडळातला नियम होता. त्यानं बऱ्याच जणींची झोप उडाली, आणि काहींना पहिल्यांदा नीट झोप लागली.

उदाहरण घ्या यिर्मया 29:11 चं. देवाच्या मनात आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन तुम्हाला निम्म्या घरांत फ्रेम करून लावलेलं दिसेल. पण ते आहे एका पत्रात. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमहून ते पत्र धाडलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगून गेलेला. यिर्मया सांगतो, सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाणार नव्हते. तोवर काय करायचं, तर घरं बांधा, मळे लावा, लेकराबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी झटा आणि प्रार्थना करा. नगर, जालना, बीडकडून पोटासाठी पिंपरी-चिंचवडला आलेल्या आपल्या माणसांना हा अध्याय किती जवळचा आहे बघा. दुष्काळामुळे गाव सुटलं, इथं चाळीत सुरुवात केली, मग वन-बीएचके, मग हप्ता. अशा माणसाला 'भरभराट होईल' या एका ओळीपेक्षा 'इथं मुळं धर, या शहराचं भलं माग, मी तुला विसरलेलो नाही' हे कितीतरी पुढपर्यंत पुरतं.

संदर्भ तोडून वचन वापरण्याची वाईट खोड जुनी आहे. रानातल्या परीक्षेच्या वेळी येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतानानं जे ऐकवलं, ते 91 व्या स्तोत्रातलं अभिवचनच होतं. दूत तुला हातांवर झेलतील, मार उडी. येशूनं उत्तर दिलं तेही शास्त्रातूनच, आणि त्याची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. म्हणजे वचन कुणी म्हटलं याइतकंच, कशासाठी म्हटलं हेही बघायचं. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे', हे फिलिप्पै 4:13 परीक्षेच्या पॅडवर चिकटवलेलं मी पाहते, आणि हसू येतं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे आणि आधीच्याच ओळीत भुकेलं राहण्याविषयी, विपन्नतेविषयी बोलतोय. ते सामर्थ्य उपाशी असताना समाधानी राहायचं आहे. बारावीच्या पोरानं ते म्हणू नये असं नाही, पण नापास झाल्यावरही ते तितकंच लागू आहे हे त्याला आधी सांगितलेलं बरं.

म्हणून अभिवचन निवडलं की तीन गोष्टी बघा. ते कुणाला दिलं होतं, त्याला काही अट जोडलेली आहे का, आणि नव्या करारात ते पुढे कुठवर आणलंय. 'पहिल्याने त्याचे राज्य मिळवण्यास झटा' ही मत्तय 6:33 मधली अट गाळून नुसतं 'सर्व मिळेल' एवढंच पाठ करणारे आपण पुष्कळ आहोत.

तुमच्यासाठी मी इब्री 13:5 सुचवते. "तुमची वागणूक द्रव्यलोभावाचून असावी, जवळ आहे तेवढ्यात तुम्ही तृप्त असावे, कारण त्याने स्वतः म्हटले आहे, 'मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.'" शेवटचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, आणि बहुतेकांना ते एकटेपणासाठी आहे असं वाटतं. पण ते आलंय पैशाच्या संदर्भात! मोशेनंतर पुढारी झालेल्या यहोशवाला यार्देनच्या काठी देवानं दिलेला शब्द या पत्राचा लेखक उचलतो आणि साध्यासुध्या विश्वासणाऱ्यांच्या पैशाच्या काळजीपाशी आणून ठेवतो. तुमच्या पाच तारखेसाठी याहून नेमकं वचन मला माहीत नाही. पुढची ओळही जोडून घ्या, "प्रभू मला साहाय्य करणारा आहे, मी भिणार नाही, मनुष्य माझे काय करणार?" कारण कामगार कमी करणं हे माणसांच्याच हातात असतं.

पाठ कसं करायचं, ते सविस्तर सांगते, कारण इथंच लोक घाई करतात. आधी एकच भाषांतर ठरवा. जुन्या वळणाचं घ्या, सोप्या भाषेतलं घ्या, पण आज हे उद्या ते केलंत की शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐन वेळी जीभ अडखळते. मग वचन हातानं लिहा, पेनानं, कागदावर. म्हणताना मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात वाचलेलं आपल्याला पाठ झाल्यासारखं वाटतं, ती फसवणूक असते. संदर्भ आधी म्हणायचा आणि शेवटी पुन्हा म्हणायचा, 'इब्री तेरा पाच'. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा, दुसऱ्या दिवशी न बघता, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्यानं. थोडं विसरू द्यायचं आणि पुन्हा ओढून काढायचं. कागद झाकून आठवायला जी धडपड होते, तीच वचन पक्कं करते. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच अर्थहीन अक्षरांचे प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं गळतं आणि नंतर गळती मंदावते. आपल्या आज्या हे न वाचताच जाणत होत्या. दिवेलागणीला पोरांना बसवून परवचा म्हणून घेत, त्यात पाढ्यांबरोबर दहा आज्ञा आणि तेविसावं स्तोत्रही असे.

शास्त्रानंच याची सोय केलीय. 119 वं स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांवर रचलेलं आहे, प्रत्येक अक्षराला आठ ओळी, एकूण 176. आणि मराठीत आपल्याला गाणं आहे. नारायण वामन टिळकांनी अभंग, ओव्या, भजनांच्या चालींत ख्रिस्त आणला, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बायकाही स्वयंपाक करताना वचनंच गुणगुणत असत. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि छपाईचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. रमाबाई पुराणिकांच्या घरातल्या, लहानपणापासून ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्या. पुस्तक हातात नसताना तोंडातलं काय कामाला येतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुणे–दौंड गाडीनं कधी गेलात तर केडगावला उतरून या.

आता गाठ कुठे घालायची. कपाटावर चिकटवलेली चिठ्ठी आठ दिवसांत दिसेनाशी होते. डोळा तिला भिंतच समजतो. म्हणून वचन वस्तूवर चिकटवू नका, प्रसंगाला बांधा. तुमच्या बाबतीत तीन प्रसंग मला दिसतात. एक, कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाईल उघडण्याआधीचा क्षण. दुसरा, बँकेचा हप्ता कापल्याचा एसएमएस. तो वाजला की ते वचन म्हणायचं, अगदी ओठ हलवून. तिसरा, रात्री दाराला कडी लावताना. बस, एवढंच. चौथा प्रसंग जोडू नका. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात घरी यायला मध्यरात्र होते, तेव्हा तिसरा आपोआप उशिरा येईल, आला तरी चालतो.

आणि म्हणायचं म्हणजे जप करायचा नाही. अभिवचन देवाला परत ऐकवायचं. उत्पत्ती 32 मध्ये, ज्याला पूर्वी फसवलं तो भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन येतोय हे कळल्यावर याकोबाची पाचावर धारण बसते. तो प्रार्थनेत काय म्हणतो? तूच म्हणाला होतास ना, की मी तुझं कल्याण करीन. देवाचाच शब्द देवापुढे ठेवतो. मागे मी नुसती काठी घेऊन ही यार्देन ओलांडली होती आणि आज माझ्या दोन टोळ्या झाल्यात, हेही कबूल करतो. आणि मग हात जोडून बसून राहत नाही, भावासाठी शेळ्यामेंढ्या, उंट, गाईगुरं कळप कळप करून पुढे धाडतो. प्रार्थना आणि तजवीज, दोन्ही. तुमची प्रार्थना साधारण अशी होईल: "प्रभू, हप्ता कापला गेला. खात्यात काय उरलंय ते तुला दिसतंय. मला टाकणार नाहीस असं तू म्हणाला आहेस, तो शब्द मी धरतो. जवळ आहे तेवढ्यात तृप्त राहायला मला जमत नाहीये, ते शिकव. आणि उद्या सुपरवायझरशी नीट बोलायची बुद्धी दे." मग उद्या खरोखरच बोला, आणि खर्चाची वही बायकोबरोबर बसून उघडा.

आईच्या आजारपणाबद्दल मात्र थोडं सावध करते. यशया 53:5 मधलं आरोग्याचं वचन धरून गोळ्या, इन्सुलिन बंद करायला लावणारे लोक आपल्यात फिरतात. घरभेटींत त्याचे परिणाम मी पाहिलेत. त्यांचं ऐकू नका. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी पथ्यातला उपाय सांगितला, आणि आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडून तो पुढे गेला, हेही त्याच शास्त्रात आहे. प्रार्थना करा, तेल लावायला मंडळीतल्या वडीलजनांना बोलवा, आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

आणि आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर रोम 8:28, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन, फेकू नका. ते वचन खरं आहे, पण ज्याच्यावर प्रसंग आलाय त्यानं ते स्वतः म्हणावं. उभ्या उभ्या भेटायला आलेल्यानं नाही. तिथं चहा नेऊन द्यावा, शेजारी बसावं, त्यानं मागितलं तर एखादं स्तोत्र वाचावं. मी बहुधा 77 वं वाचते. त्यात स्तोत्रकर्ता आसाफ चक्क विचारतो की देव दया करायला विसरला की काय, त्याचं वचन संपलं की काय. हे प्रश्न शास्त्रातच आहेत म्हटल्यावर माणूस मोकळा रडतो. मग आसाफ जुनी कृत्यं आठवू लागतो. स्तोत्र संपतं तेव्हाही त्याची अडचण सुटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

काही अभिवचनं आपल्या हयातीत पुरी होत नाहीत. अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता आणि अभिवचनातला मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या काळात वाट न पाहता दासी हागारेपासून मूल करून घेतलं, तेही घाईतूनच. इब्री 11 मध्ये तर स्वच्छ म्हटलंय की हे सगळे जण फळ न मिळताच विश्वासात मेले, त्यांनी ते दुरून पाहिलं. "जगात तुम्हांला क्लेश होतील" हाही येशूनं दिलेला शब्दच आहे, योहान 16:33. त्याचं कार्ड कुणी छापत नाही. धीर धरा, मी जगाला जिंकले आहे, हे त्याच वाक्यात पुढे आहे, पण दोन्ही एकत्र पाठ करावं लागतं.

मुलांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. घरच्या प्रार्थनेत त्यांना वचन म्हणायला लावताना चुकलं की रागावू नका, आणि शिक्षा म्हणून तर कधीच पाठ करायला देऊ नका. त्यापेक्षा घरातली जुनी गोष्ट सांगा. आजोबा गाव सोडून आले तेव्हा काय होतं, पहिली नोकरी कशी लागली, कोणी धान्य आणून दिलं. आपल्या जुन्या घरांतल्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू यांच्या तारखा असायच्या. तुम्ही एक साधी दोनशे पानी वही करा. डाव्या पानावर अभिवचन आणि ते धरलं त्या दिवसाची तारीख, उजव्या पानावर पुढे काय घडलं ते. उजवं पान कित्येकदा बराच काळ कोरं राहील. ते कोरंच ठेवा, ओढूनताणून काही लिहू नका.

एक शेवटची अडचण राहते, ती म्हणजे एकट्यानं हे सहसा टिकत नाही. कंपनीच्या बसमध्ये किंवा मंडळीत एक माणूस गाठा, जो दर रविवारी उपासनेनंतर तुम्हाला फक्त दोन गोष्टी विचारेल. वचन म्हणून दाखव, आणि या आठवड्यात ते कधी वापरलंस? दुसऱ्या प्रश्नाला पहिले काही रविवार 'नाही वापरलं' असंच उत्तर येईल. त्यानं उपदेश न करता पुढच्या रविवारी पुन्हा विचारावं, एवढंच त्याचं काम. पाच तारीख जवळ आलीच आहे. कागद-पेन घेऊन आज इब्री 13:5-6 लिहून काढा, आणि हप्त्याचा एसएमएस आला की काय झालं ते मला कळवा.